छातीत जळजळ का होते?

रमजानमध्ये परतूरच्या बाजारात संध्याकाळी भज्यांचा वास दरवळतो. रोजा सुटला की खजूर, भजी, समोसे असे बरेच काही पोटात जाते. पहाटे सहेरी व फजरची नमाज झाली की पुष्कळजण लगेच आडवे होतात. थोड्याच वेळात छातीत जळजळ सुरू होते, तोंडात आंबट पाणी येते. आजीबाई म्हणतात, "पित्त उसळले."

खरे म्हणजे हे पित्त नव्हे. पित्तरस यकृतात तयार होतो. येथे त्रास देते ते जठरातील आम्ल. (उर्दूत जठराला आपण 'मेदा' म्हणतो. मराठीत 'मेद' म्हणजे चरबी. उत्तरपत्रिकेत ही चूक कोणीतरी करतोच!)

जठराला आतून चिकट थराचे संरक्षण असते, म्हणून त्याला आम्ल सोसते. अन्ननलिकेला तसे संरक्षण नसते. तिच्या खालच्या टोकाशी स्नायूंची झडप असते. घास खाली उतरला की ती मिटते. झडप सैल पडली, किंवा पोट गच्च भरून माणूस आडवा झाला, की आम्ल वर येते. तंबाखू आणि वाढलेले वजन यांनीही हा त्रास वाढतो.

कधीतरी असे झाले तर काळजी नसावी. पण आठवड्यातून दोन-तीनदा होत असेल तर तो आजार समजावा. काहींना जळजळ होत नाही. रात्री कोरडा खोकला येतो, आवाज बसतो. वर्षानुवर्षे दुर्लक्ष केल्यास अन्ननलिकेत जखमा होतात. त्या भरताना नलिका अरुंद होते व घास अडकतो. क्वचित तेथे कर्करोगही होतो.

उपाय साधे आहेत. थोडे थोडे खावे, जेवणानंतर तीन तास आडवे होऊ नये. खाटेच्या डोक्याकडील पायांखाली विटा ठेवाव्यात; नुसत्या उशा वाढवून उपयोग नाही. डाव्या कुशीवर झोपावे. ओमेप्राझोलसारखी गोळी जेवणाआधी अर्धा तास घेतात. पण ती किती दिवस घ्यायची, हे डॉक्टरांनी ठरवावे.

मात्र छातीतली प्रत्येक कळ आम्लाची नसते. घाम सुटला, दम लागला, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, तर ताबडतोब दवाखाना गाठावा. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी अशा वेळी सोडा घेतला आणि सकाळपर्यंत वाट पाहिली. तो हृदयविकाराचा झटका होता. जालन्याला पोहोचेपर्यंत दुपार झाली. ते वाचले, पण आता मशिदीच्या चार पायऱ्या चढतानाही थांबतात.