कबुतराच्या टोचीचा हिशेब

हैदराबादेत ‘ईसीआयएल’ हे आधी चौकाचं नाव, मग कंपनीचं. कुशाईगुड्याच्या बाजूला जाणाऱ्या बसच्या पाटीवर ते वाचतच मी मोठा झालो. त्या चार अक्षरांमागे संगणक आहे हे कळायला चाळिशी यावी लागली. कळलं ते मात्र डोक्यातून गेलं नाही.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात घडलेला टीडीसी-१२, म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर, १९६९ मध्ये विक्रम साराभाईंच्या हस्ते सुरू झाला. पुढे तो ईसीआयएलने हैदराबादेत बांधून विकला. बारा बिटांचा शब्द, फेराइट कोअरची स्मृती, तीही फार तर ४०९६ शब्दांची. याच मापाचं अमेरिकन यंत्र म्हणजे १९६५ चा पीडीपी-८. त्याने काय काय केलं हे शोधता शोधता मी भलतीकडेच पोचलो. हा गडी कबुतरं आणि उंदीर सांभाळायचा!

स्किनरची पेटी सगळ्यांना माहीत असते: उंदराने खटका दाबायचा, कबुतराने चकतीवर टोच मारायची, दाणा मिळवायचा. पेटीमागच्या भिंतीबद्दल मात्र कुणी बोलत नाही. त्या भिंतीवर रिलेंच्या रांगा असत, अठ्ठावीस व्होल्टवर चालणाऱ्या, पुष्कळदा टेलिफोन खात्याने मोडीत काढलेल्या. शेकडो तारा. प्रयोग बदलायचा तर तारा उपसायच्या आणि पुन्हा खोचायच्या. अख्खा प्रयोग त्या गुंत्यात असायचा. कागदावर तो नेमका उतरवणार कसा?

इथे फ्रान्सिस मेकनर हा मानसशास्त्रज्ञ भेटतो. जन्म व्हिएन्नातला, शिक्षण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. १९५८ मध्ये त्याने उंदरांना मोजायला लावलं. पहिला खटका ठरावीक वेळा दाबायचा, कधी चार, कधी आठ, बारा, सोळा, आणि मग दुसऱ्याकडे वळायचं. लवकर वळलं तर खाणं नाही. उंदीर त्या आकड्याच्या आसपासच दाबून वळत. आकडा मोठा झाला की अंदाजही तितकाच सैल पडे. (मंडईत सुट्टे मोजताना माझं याहून वेगळं होत नाही.)

पण मला मोलाचा वाटतो तो त्याचा पुढच्या वर्षीचा, १९५९ चा लेख. असे प्रयोग लिहून दाखवण्याची चिन्हंच त्याने तयार केली. प्राण्याच्या कृतीला एक अक्षर, वेळेला एक, ‘यातून पुढे हे’ यासाठी बाण आणि एकाच वेळी लागू असलेल्या अटींना कंस. तारांचं जंजाळ कागदावर चार ओळींत बसलं. गवयाला स्वरलिपी मिळावी तसं झालं हे.

आर्थर स्नॅपरने ही लिपी पुढे नेली. त्याने आणि सहकाऱ्यांनी ती अवस्थांच्या भाषेत बसवली आणि पीडीपी-८ वर स्केड नावाची प्रणाली उभी केली. अमेरिकेतल्या कालामाझूसारख्या आडगावी नावाच्या शहरात हे काम बहरलं. उदाहरणच घ्या. पहिली अवस्था: चकतीवर दिवा. दहा टोची झाल्या की दुसरी अवस्था: दिवा बंद, दाण्याचा ट्रे वर. तीन सेकंद झाले की ट्रे खाली आणि पुन्हा पहिली अवस्था. बस्स, प्रोग्राम झाला. दहाच्या जागी वीस लिहिलं की प्रयोग बदलला. तारेला हात लावायचं काम नाही. शिवाय एकच यंत्र एकाच वेळी अनेक पेट्या चालवी.

अटलांटात तर पीडीपी-८ च्या जातीचंच यंत्र लाना नावाच्या चिंपांझी मादीशी रात्रंदिवस ‘बोलत’ असे. ‘कृपया’ची कळ दाबून मागणी सुरू करायची, पूर्णविरामाची दाबून संपवायची, तरच खाणं. नाव सगळं लानाचं झालं. मला विचाराल तर हे अन्याय्य आहे. स्नॅपरच्या कबुतरांचं कुणी नावही घेत नाही.

१९७६ मध्ये एक किलोबाइट स्मृतीचा किम-१ आला, पुढच्या वर्षी ॲपल-२, आणि मिनी संगणकाचा खर्च न परवडणारे प्राध्यापकही कामाला लागले. ॲपल-२ मध्ये खेळाच्या दांड्यासाठी एक जोडणी होती: बटणांसाठी तीन मार्ग आत येणारे, चार बाहेर जाणारे. आतल्या मार्गावर टोचीची चकती, बाहेरच्यावर रिले आणि त्यापुढे दाण्याचा ट्रे. खेळण्याच्या भोकातून प्रयोगशाळा चालली! तापही होते. चकतीचा स्पर्शबिंदू क्षणभर थरथरला की एका टोचीच्या तीन मोजल्या जात, म्हणून काही मिलिसेकंद यंत्राला मुद्दाम बहिरं ठेवावं लागे.

हैदराबादेतही ईसीआयएलने पुढे मायक्रोप्रोसेसरवरचा मायक्रो-७८ काढला. चौकाचं नाव तेच राहिलं.

संगणकांचा इतिहास लिहिणारे यंत्रांच्या वंशावळी सांगत बसतात. मला मेकनरच्या कंस-बाणांची वंशावळ अधिक खरी वाटते. पीडीपी-८ आता कॅलिफोर्नियातल्या संगणक संग्रहालयात आहे. मेड-पीसी ही अशा पेट्या चालवणारी प्रणाली मात्र प्रयोगशाळांत अजून चालते आणि तिच्यातला प्रयोग आजही अवस्था आणि बाण यांतच लिहिला जातो.