नेटची अट नसलेली वर्षे

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 साली सुरू झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. मराठवाड्यातले नांदेड आणि लातूर मात्र निजामाच्या राज्यात होते. 17 सप्टेंबर 1948 नंतरच तिचा लाभ या भागापर्यंत पोचण्याची वाट मोकळी झाली. 1950 मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उघडले आणि मराठवाड्याच्या खेड्यांतली मुले पत्र्याची ट्रंक घेऊन तिथे दाखल झाली. त्यांच्या बोलण्यात या शिष्यवृत्तीचे नाव ‘भारत सरकार’ पडले. पुढे कार्यालयांतून ते ‘जीओआय’ झाले.

त्यानंतरच्या चाळीसेक वर्षांत सांगण्यासारखे फारसे घडले नाही. दर अधूनमधून वाढले, महागाई त्यांच्या पुढेच राहिली. 1 जुलै 2010 च्या सुधारणेनंतरही वसतिगृहात राहून एम.ए. करणाऱ्याला महिन्याला 820 रुपये निर्वाह भत्ता होता आणि बाहेर राहणाऱ्याला 530. दोन वेळच्या मेसलाही ते पुरत नसत. संशोधनासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन फेलोशिप होती, पण ती नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळे. नेटची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत. मराठीतून एम.ए. झालेला कंधार-मुखेडचा किंवा औसा-निलंग्याचा विद्यार्थी विषय पक्का असूनही तिथे अडखळे. महाराष्ट्राची सेट ही राज्य पात्रता परीक्षा मराठीतून देता येई, पण सेटला फेलोशिप नव्हती.

17 सप्टेंबर 1994 रोजी नांदेडला विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. पीएचडीसाठी औरंगाबाद गाठण्याची गरज संपली, पण संशोधनाची पाच वर्षे खायचे काय, हा प्रश्न आणखी दहा वर्षे तसाच राहिला.

त्याचे उत्तर 2005-06 मध्ये राजीव गांधी राष्ट्रीय फेलोशिपने दिले. पहिल्या वर्षी अनुसूचित जातींसाठी 1333 आणि जमातींसाठी 667 जागा होत्या. एम.फिल. किंवा पीएचडीला नोंदणी असावी, पदव्युत्तर गुणांवर निवड व्हावी, एवढीच अट. नेट लागत नव्हती. या एका वाक्याने मराठवाड्यात जे झाले, ते त्याआधीच्या साठ वर्षांत झाले नव्हते. सुरुवातीला महिना 8,000 रुपये होते. 2007 मध्ये 12,000 झाले, एप्रिल 2010 पासून 16,000 आणि डिसेंबर 2014 पासून 25,000. मानव्यविद्यांसाठी पुस्तके आणि प्रवासाचे पहिली दोन वर्षे वर्षाला 10,000 रुपये वेगळे. 2009 मध्ये अल्पसंख्याकांसाठी 756 जागांची मौलाना आझाद फेलोशिप आली; नांदेड, उदगीर, लातूरच्या मुस्लिम घरांतल्या आणि नांदेडच्या शीख घरांतल्या मुलामुलींसाठीही रस्ता झाला.

ज्या घरात दरमहा ठरावीक पैसा कधी आलाच नव्हता, त्या घरात फेलोशिपला ‘पगार’ म्हणत. 2012 पासून एकामागून एक दुष्काळ पडले आणि एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या वर्षांत या पगारातून गावाकडचे किराणा सामान भरले गेले, धाकट्या भावंडांची फी गेली, क्वचित बोअरचे हप्तेही फिटले. अभ्यासाचे विषयही गावाकडून आले: ऊसतोड, गायरान जमिनी, स्थलांतर, तांड्यावरच्या बोली. मुली संशोधनात टिकल्या, कारण लग्नाची घाई करणाऱ्या घरालाही त्यांच्या नावावर जमा होणारी रक्कम दिसत होती.

ही रक्कम वेळेवर मात्र कधीच आली नाही. संशोधकाच्या पिशवीत कायम एक फाइल असे. तीत रुजू अहवाल, गाइडच्या सहीचा सहामाही प्रगती अहवाल, वसतिगृह मिळाले नसल्याचा दाखला, घरमालकाशी केलेला शंभराच्या बाँडवरचा भाडेकरार आणि खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र, प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती. लातूरच्या संशोधन केंद्रावरचा विद्यार्थी ही फाइल घेऊन सकाळच्या एसटीने अहमदपूर-लोहामार्गे नांदेडला येई आणि एक सही राहिली की आठवड्याने पुन्हा येई. आठ-आठ महिन्यांचे पैसे तुंबत. ‘फेलोशिप पडली का?’ हाच एकमेकांना भेटल्यावरचा पहिला प्रश्न असे. तोवर मेस, खोली, टायपिंग, झेरॉक्स सगळे उधारीवर चाले. एरियर्स आले की एका दिवसात निम्मे वाटून संपत.

घरभाड्याचा हिशेब तर उघड अन्यायाचा होता. केंद्राच्या शहर-वर्गवारीत 2015 मध्ये नांदेड-वाघाळा ‘वाय’ वर्गात गेले, लातूर ‘झेड’मध्येच राहिले. 25,000 च्या फेलोशिपवर नांदेडच्या संशोधकाला 20 टक्के म्हणजे 5,000 रुपये घरभाडे मिळे, लातूरच्याला 10 टक्के म्हणजे 2,500. प्रत्यक्षात वैद्यकीय प्रवेशाच्या क्लाससाठी राज्यभरातून येणाऱ्या मुलांमुळे लातूरला खोल्यांचे भाडे चढलेले. लोकसंख्या मोजून ठरलेल्या या वर्गवारीला क्लासच्या गल्ल्यांतले भाडे दिसण्याची सोयच नव्हती.

दार पुन्हा अरुंद झाले ते 2018 पासून. अनुसूचित जातींच्या फेलोशिपला नेट जोडली गेली, मौलाना आझाद फेलोशिपचेही पुढे तेच झाले. गुणवत्ता वाढावी असे कारण त्यामागे सांगितले जाते, पण ज्या गुणवत्तेला भाषेने अडवले होते तिचा विचार त्यात नाही. आदिवासी विद्यार्थ्यांची फेलोशिप केंद्राच्या आदिवासी व्यवहार मंत्रालयाकडे गेली आणि तिथे पदव्युत्तर गुणांवरची निवड टिकली. किनवट-माहूरच्या मुलांसाठी ती अजूनही मोठा आधार आहे आणि नेटशिवाय फेलोशिप चालवता येते याचा पुरावाही. डिसेंबर 2022 मध्ये मौलाना आझाद फेलोशिप बंद करत असल्याचे केंद्राने लोकसभेत सांगितले. इतर योजनांशी तिची पुनरुक्ती होते, हे कारण देण्यात आले. मुस्लिम समाजातल्या ज्या मुली कोणत्याही मागास प्रवर्गात बसत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरी कोणती योजना, याचा खुलासा त्या कारणात नव्हता.

केंद्राचे दार मिटत असताना राज्याच्या संस्थांनी भार उचलला. अनुसूचित जातींसाठीच्या बार्टीची फेलोशिप आधीपासून होती, 2019 पासून मराठा समाजासाठीच्या सारथीची आणि नंतर ओबीसींसाठीच्या महाज्योतीची आली. मराठा आणि ओबीसी शेतकरी घरांतली मुलेही फेलोशिपवर संशोधन करू लागली. दर आयोगाइतकाच होता. मंजुरीसाठी मात्र दरवेळी मुंबई गाठावी लागली. बार्टीच्या 2021 च्या तुकडीतल्या 861 जणांपैकी 200 जणांनाच फेलोशिप मिळणार, असे ठरले होते. त्यांना आझाद मैदानावर ठिय्या द्यावा लागला, तेव्हा सर्वांना ती मंजूर झाली.

ऑक्टोबर 2023 मध्ये या संस्थांसाठी समान धोरण आले आणि संख्येवर मर्यादा पडली. सारथीची संख्या 200 वर आली. त्यावरच्या प्रश्नाला उत्तर देताना, पीएचडी करून हे विद्यार्थी काय दिवे लावणार, असा सवाल तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात केला. ज्यांच्या घरात पहिला पदवीधर तोच पहिला संशोधक आहे, त्यांना तो शब्द फार लागला. त्याच महिन्यात, 24 डिसेंबरला, तिन्ही संस्थांच्या फेलोशिपसाठी 2022 च्या नोंदणीधारकांची चाळणी परीक्षा झाली; तिची प्रश्नपत्रिका 2019 च्या सेटचीच निघाली. 10 जानेवारी 2024 च्या फेरपरीक्षेत काही संचांना सील नसल्याचे दिसले आणि विद्यार्थ्यांनी बहिष्कार घातला. पीएचडीची नोंदणी होऊन त्यांना तोवर दुसरे वर्ष लागले होते, आणि फेलोशिपचा पहिला हप्ताही हातात पडला नव्हता.