रविवारी डोंगर, रात्री सायकलची जोडणी: गुडघ्यांनी काय काय सोसायचे?

शनिवार-रविवारी लळिंगचा किल्ला, पाटणादेवीचे जंगल किंवा मनुदेवीचा धबधबा, आणि इतर दिवशी जेवण झाले की घरच्या जुन्या सायकलची सुटी केलेली फ्रेम पुढ्यात घेऊन बसायचे. अशी दिनचर्या असेल, तर 'आठवडाभर बसून राहून दोनच दिवस पळापळ केल्याने फायदा होतो का?' हा प्रश्न तुम्हाला पडला असेल.

फायदा होतो. ब्रिटनमधील सुमारे ९० हजार लोकांच्या मनगटावर आठवडाभर हालचाल मोजणारे यंत्र बांधून केलेला अभ्यास २०२३ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आठवड्याचा बहुतेक व्यायाम एक-दोन दिवसांत उरकणाऱ्यांनाही हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका कमी आढळला, जवळजवळ रोज व्यायाम करणाऱ्यांइतकाच. अट एकच: आठवड्याची बेरीज निदान १५० मिनिटे व्हायला हवी. सायकलची जोडणी या बेरजेत धरू नका. दोन तास पान्हा फिरवूनही नाडी फारशी वाढत नाही.

सोमवारी पाय का भरून येतात?

चढताना दम लागतो, पण पाय दुखतात ते उतरल्यामुळे. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात आणि त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. ही दुखणी लगेच जाणवत नाहीत. एक ते तीन दिवसांत वाढतात आणि आपोआप ओसरतात. नेमक्या याच दिवसांत तुम्ही सायकलपुढे उकिडवे बसता. पूर्ण वाकलेल्या गुडघ्यात वाटीमागचा दाब बराच वाढतो, आणि उठताना 'आई गं' निघते.

म्हणून कामाचे वार ठरवा. सोमवार-मंगळवारी खुर्चीवर बसून होणारी कामे घ्या: हबमधले छर्रे रॉकेलने धुणे, ग्रीस भरणे, आरे ओवणे, चाकाचा आऊट काढणे. पुढे ३२ आणि मागे ४० आरे असलेल्या जुन्या काळ्या सायकलीत हेच काम दोन संध्याकाळी पुरते. क्रँक किंवा गंजलेला नट सोडवण्यासारखी जोर लावायची कामे बुधवार-गुरुवारी करा. सायकल कमरेच्या उंचीवर येईल अशी स्टँडवर चढवा किंवा तुळईला दोरीने टांगा. दर अर्ध्या तासाला उठा. शुक्रवारी पान्हे ठेवून द्या आणि झोपा. अपुऱ्या झोपेवर पहाटे डोंगर चढणे मला पटत नाही. सायकल एक महिना उशिरा तयार झाली तरी कोणी विचारायला येत नाही.

जुना रंग खरवडताना

जुन्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासू नका. पाणी लावून पॉलिश पेपरने घासा, मास्क आणि चष्मा लावा आणि लहान मुले व गरोदर स्त्रियांना तिथे येऊ देऊ नका. थिनरचे काम उघड्यावरच करा. गंजक्या पत्र्याने कापले तर जखम साबण-पाण्याने धुवा. धनुर्वाताच्या शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षे झाली असतील तर डॉक्टरांना विचारा.

ऊन आणि गोळ्या

खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत जातो. या दिवसांत डोंगर सकाळी नऊच्या आत उतरलेला बरा. घामातून मुख्यतः सोडियम जाते, त्यामुळे आपली केळी कितीही चांगली असली तरी नुसती केळी पुरत नाहीत; मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस सोबत ठेवा. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा अंग भाजत असेल तर त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसेल तर तोंडाने काही पाजू नका.

घरी आल्यावर अंग दुखते म्हणून लगेच आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेणे टाळा. शरीरात पाणी कमी असताना या गोळ्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली आणि स्नायू कमालीचे दुखत वा सुजत असतील, तर स्नायू मोठ्या प्रमाणात तुटल्याची ती खूण असू शकते. त्याच दिवशी रुग्णालयात जा.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेत असाल तर साखर डोंगरावरच नव्हे, त्या रात्री झोपेतही उतरू शकते. झोपण्यापूर्वी तपासा आणि घरच्यांना लक्षणे सांगून ठेवा. चढताना छातीत दडपण येत असेल तर पुढच्या रविवारची वाट पाहू नका.

सायकल तयार झाल्यावर

सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा. पॅडल सर्वात खाली असताना गुडघा सरळ व्हायला हवा. म्हणजे चवड्याने चालवताना तो किंचित वाकलेला राहतो. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. एका वेळी अर्धा सेंटिमीटरच बदला आणि मेहरूण तलावाला एखादी फेरी मारून पाहा.