गाण्याचा मोठा आवाज: समज आणि वस्तुस्थिती

गाण्यातल्या सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर म्हणजे त्याची डायनॅमिक रेंज. ते डेसिबलमध्ये मोजतात. १६ बिटची सीडी सुमारे ९६ डेसिबलचे अंतर पेलते, लाँगप्ले तबकडी साधारण ७० पर्यंत. तेव्हा ‘तबकडीची रेंज सीडीपेक्षा मोठी’ हा समज खरा नाही. काही तबकड्या अधिक मोकळ्या वाजतात, त्याचे श्रेय बहुधा त्यांच्यासाठी केलेल्या वेगळ्या मास्टरिंगला, म्हणजे ध्वनिमुद्रणावरच्या अखेरच्या संस्काराला, जाते.

‘मोठे वाजणारे गाणे जास्त ताकदीचे’ हा समज अधिक चिवट आहे. डिजिटल ध्वनीला एक ठरलेली कमाल पातळी असते, तिच्यावर काहीच जाऊ शकत नाही. पण कान मोठेपणा ठरवतो तो मुख्यतः सरासरी पातळीवरून, क्षणिक शिखरांवरून नव्हे. म्हणून लिमिटर या साधनाने ड्रमच्या ठोक्यांची शिखरे दाबायची आणि सगळे गाणे वर उचलायचे, ही युक्ती चालते. किंमत मोजतो तो ठोकाच: त्याची धार जाते. या दाबण्यालाही कॉम्प्रेशन म्हणतात; एमपी३ फाइल लहान करणारे कॉम्प्रेशन ही अगदी निराळी गोष्ट, तरी दोन्हींची सर्रास गल्लत होते.

मोठ्या आवाजाची ही चढाओढ सीडीने सुरू केली असेही नाही. ज्यूकबॉक्समध्ये सगळ्या तबकड्या एकाच व्हॉल्यूमवर वाजत, त्यामुळे आपली तबकडी उठून दिसावी म्हणून ती मोठ्या आवाजात कापण्याची धडपड तेव्हाही होती. १९९४ मध्ये ‘वेव्हज एल१’सारखे डिजिटल लिमिटर आले आणि मर्यादाच उरली नाही. मेटॅलिका या बँडच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ (२००८) या अल्बममध्ये आवाज उघड फाटलेला होता. त्याच गाण्यांची ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममधली आवृत्ती कमी दाबलेली निघाली आणि चाहत्यांनी नव्या मास्टरिंगची मागणी केली. दोष मात्र एकट्या मास्टरिंगचा नव्हता. मास्टरिंगसाठी मिक्सच आधीपासून दाबलेले आले होते.

आता तर त्या धडपडीचा उपयोगही फारसा उरलेला नाही. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगमध्ये गाणी सुमारे उणे १४ एलयूएफएस (सरासरी मोठेपणाचे एकक) या पातळीवर आणते. उणे ८ चे गाणे ६ डेसिबलने खाली येते, दाबलेले ठोके मात्र दाबलेलेच राहतात.

यात आवाजातले चढउतार दाबणारा कॉम्प्रेसर खलनायक नाही. गायकाचा हळू शब्द वाद्यांच्या गर्दीत ऐकू येतो तो त्याच्यामुळेच. बिघाड होतो तो अतिरेकाने. दोन मास्टर ताडून पाहताना आधी दोन्हींची पातळी सारखी करावी. नाहीतर एखाद्या डेसिबलने मोठे असलेलेच कानाला सरस वाटते.