गिअर का करकरतो?

जुन्या जीपगाडीचा गिअर बदलताना होणारा ‘कर्रर्र’ असा आवाज तुम्ही ऐकला असेल. तो ऐकताच कोणीतरी म्हणतो, “गिअरबॉक्स गेला, आता उतरवावा लागणार!” हे काम मोठ्या खर्चाचे असते आणि पुष्कळदा दोष गिअरबॉक्समध्ये नसतोच. तो कोठे आहे, हे काहीही न खोलता साध्या प्रयोगांनी ओळखता येते.

उदाहरणासाठी मारुती जिप्सी घेऊ. चारही चाकांना जोर देता येणारी ही छोटी गाडी भारतात १९८५ मध्ये आली. तिच्या नंतरच्या, १३०० सीसी इंजिनाच्या प्रकारात पुढे जाण्याचे पाच गिअर आहेत. दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर सुमारे १.९५ आहे. म्हणजे गिअरबॉक्सचा चाकांकडील शाफ्ट एक फेरा करतो, तेव्हा इंजिनाकडील शाफ्ट १.९५ फेरे करतो. तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर सुमारे १.४२ आहे.

समजा, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ३००० फेरे करीत आहे. तेव्हा चाकांकडील शाफ्टचे फेरे ३००० ÷ १.९५, म्हणजे सुमारे १५४० होतात. गिअर बदलताना गाडीचा वेग जवळजवळ तोच राहतो. म्हणून तिसरा गिअर बसण्यासाठी इंजिनाकडील शाफ्टची गती १५४० × १.४२, म्हणजे सुमारे २१९० फेऱ्यांवर यायला हवी. क्षणार्धात तब्बल ८०० फेरे कमी व्हायला हवेत!

हे काम पितळी मिश्रधातूचे एक लहानसे कडे करते. त्याला सिंक्रोनायझर कडे म्हणतात. ते गिअरच्या शंकूसारख्या भागावर दाबले जाते, घर्षणाने दोन्हींची गती सारखी होते आणि मगच दाते एकमेकांत बसतात. क्लच पूर्ण सुटला असेल, तर या कड्याला फक्त हलका शाफ्ट आणि क्लचची तबकडी आवरावी लागते. पण क्लच अर्धवट सुटला, तर त्या बिचाऱ्याची झुंज थेट इंजिनाशी आणि जड फ्लायव्हीलशी असते. मग गती जुळत नाही, दात्यावर दाता आपटतो आणि आवाज होतो.

आता प्रयोग करू. गाडी मोकळ्या, सपाट जागी उभी करावी, हातब्रेक ओढावा, पायाचा ब्रेक दाबून ठेवावा आणि चालकाच्या जागी जाणता माणूसच असावा. गाडीच्या पुढेमागे कोणी उभे राहू नये.

पहिला प्रयोग : इंजिन मंद चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि मगच मागचा गिअर टाका. या गिअरला सिंक्रोनायझर नसतो. क्लच नीट सुटत असेल, तर एवढ्या वेळात शाफ्ट थांबतो आणि गिअर मुकाट बसतो. तरीही करकर झाली, तर शाफ्टला इंजिनाकडून अजून गती मिळते आहे. अशा वेळी प्रथम क्लचची केबल तपासावी. ती ढिली असेल, तर थोड्याशा जुळणीनेही काम भागू शकते.

दुसरा प्रयोग : पहिल्या प्रयोगात आवाज झाला नाही, पण गाडी धावताना फक्त तिसरा गिअर करकरतो, असे समजा. चालकाला क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्ये आणायला, क्षणभर क्लच सोडायला आणि पुन्हा दाबून तिसरा टाकायला सांगा. क्लच सोडताच इंजिनाच्या उतरत्या गतीबरोबर शाफ्टही मंदावतो, म्हणजे कड्याचे काम इंजिनच करते. आता आवाज गेला, तर त्या गिअरचे कडे झिजले असण्याचा संभव फार. येथे मात्र गिअरबॉक्स खोलावा लागतो.

तिसरा प्रयोग कानांचा : गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवून इंजिन चालू करा. घरघर क्लच दाबताच थांबत असेल, तर इंजिनाकडील शाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. उलट दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर क्लच सोडवणारे बेअरिंग पाहावे.

तेलाचेही महत्त्व आहे. दात्यांना वंगण हवे, पण कड्याला घर्षण हवे! म्हणून कड्यावर बारीक खाचा असतात. त्या तेलाचा थर कापतात. पुस्तिकेत जीएल-४ दर्जाचे तेल सांगितले असेल, तर ‘वरचा आकडा म्हणजे अधिक चांगले’ असे समजून जीएल-५ घालू नये. त्यातील गंधक-स्फुरदयुक्त द्रव्यांचे प्रमाण अधिक असते आणि त्यांपैकी काही पितळाला खाऊ शकतात. तेल बदलताना आधी भरण्याचे बूच सुटते ना, ते पाहावे आणि मगच खालचे काढावे. नाहीतर तेल गेलेले आणि भरायला वाट नाही, अशी पंचाईत होते. जिप्सीत चारही चाकांना जोर वाटून देणारी पेटी वेगळी असते. तिचे तेलही वेगळे तपासावे.

शेवटी एक गणित. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ३००० फेरे करीत असताना चालकाने पहिला गिअर टाकला, तर इंजिनाकडील शाफ्टला किती फेरे करावे लागतील? पहिल्याचे गुणोत्तर सुमारे ३.६५ धरा. उत्तर काढलेत, की धावत्या गाडीत पहिला गिअर का अडतो आणि तो जबरदस्तीने का टाकू नये, हे तुम्हीच इतरांना सांगू शकाल.