टाकाऊ रसायनांचे धनी कोण?

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील स्फोटांचे हादरे शेजारच्या ठाकुर्लीस परके नाहीत. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ ह्या दोन्ही दिवशी अनेकांचे बळी गेले. चौकशांचे सोपस्कारही झाले. परंतु आवाज न करता रोज साठणाऱ्या रासायनिक कचऱ्याचे काय? नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरात वालधुनीच्या प्रवाहात टँकरमधून रसायन सोडले गेले आणि शेकडो रहिवाशांना रुग्णालय गाठावे लागले. ती रात्र विसरण्याजोगी नव्हे.

उणीव कायद्यात नाही. २०१६ च्या नियमांनुसार असा कचरा कारखान्यात सामान्यतः ९० दिवसांहून अधिक ठेवता येत नाही. पिंपावर त्याची ओळख लिहावी लागते. आणि तळोजे येथील केंद्रासारख्या अधिकृत ठिकाणी तो पोचल्याची नोंद कारखान्याकडे परत यावी लागते. ह्यांतील एकही अट कागदी नव्हे. आम्ल आणि सल्फाइडयुक्त सांडपाणी अजाणता एकत्र झाले, तर क्षणात प्राणघातक वायू निर्माण होतो. आणि त्याचा पहिला बळी ठरतो तो पिंप उचलणारा कामगार.

म्हणून कारखानदारांना आमचे स्पष्ट सांगणे आहे, की कचरा कंत्राटदाराच्या स्वाधीन केल्याने जबाबदारी संपत नाही. पिंपात काय आहे हे कामगारास त्याच्या भाषेत कळले पाहिजे, आणि पिंप कोठे गेले हे मालकास ठाऊक असले पाहिजे. नफ्याचा जो धनी, तोच कचऱ्याचाही धनी होय. शासनाने हे तत्त्व पुढच्या स्फोटाची वाट न पाहता अमलात आणावे.