खारा तलाव आणि क्लोरीन

आमच्या नातवंडांच्या वसाहतींतील पोहण्याचा तलाव ‘मिठाचा’ आहे, सबब त्यांत क्लोरीन नाहीं, असा घरांत सर्वांचा समज होता. वाचकहो, हा भ्रम होय. तेथें दर लिटर पाण्यांत सुमारें ३ ग्रॅम मीठ असतें. यंत्रांतील विजेच्या प्रवाहानें त्यापासूनच क्लोरीन उत्पन्न होतो आणि जंतुनाश तोच करितो. मीठ हें केवळ उपादान.

गेल्या उन्हाळ्यांत पाण्यास उग्र दर्प येऊं लागला. क्लोरीन फार झाला असें समजून रखवालदारानें यंत्र मंद केलें. मुलांचे डोळे अधिकच लाल झाले! वस्तुतः तो दर्प घाम-मूत्रादि मलांशीं क्लोरीनचा संयोग झाल्याचें लक्षण. तेथें क्लोरीन अपुरा पडत असतो.

मुक्त क्लोरीन लिटरमागें १ ते ३ मिलिग्रॅम व पीएच ७.२ ते ७.८ असावा. पीएच वाढल्यास क्लोरीन असूनहि निर्बळ होतो. प्रखर उन्हानें तर तो नष्टच होतो. म्हणून पाण्याची परीक्षा रोज करावी.

आपल्या वडिलांचा ‘आधीं अंग धुवा, मग पाण्यांत उतरा’ हा दंडक रसायनशास्त्रासहि मान्य आहे, हें मुलांस अवश्य सांगावें.